टाचेतला थेंब

(पहाटेचं एसटी स्टँड. कडेवर बाळ घेतलेली बाई, पाठमोरी.)

सांगली जिल्ह्यातली पहाटेची एसटी. बाळाला आईकडून एचआयव्हीची लागण झाली का, ही तपासणी तिच्या गावाजवळही होते. पण तिथे केसपेपर काढणारा नात्यातला निघाला, म्हणून हा दोन तासांचा प्रवास. चेहरा दाखवायचा नाही, एवढीच तिची अट.

(पिशवीतून गोळ्यांची बाटली काढणारे हात.)

टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर. तीन औषधं, गोळी एकच, रोज, जन्मभर. सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रांत, उपचार १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागले. गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की रक्तातल्या पेशींचे आकडे बघत न बसता लगेच गोळ्या सुरू करायच्या, हे देशभर ठरायला मात्र २०१४ उजाडलं.

आईकडून बाळाला लागण होते ती पोटात, बाळंतपणात किंवा दुधातून. उपचार नसतील तर शंभरात पंधरा ते पंचेचाळीस बाळांना. वेळेवर मिळाले तर पाचाहून कमी. हिला स्वतःला लागण नवऱ्याकडून झाली. त्यावर ती बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही.

(सहा आठवड्यांच्या बाळाचा पाय, परिचारिकेच्या मुठीत.)

मोठ्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं शोधतात, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे बनवतं ते. इथे ती चाचणी फसवते. आईची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे निरोगी बाळही पॉझिटिव्ह दिसतं. म्हणून थेट विषाणूच शोधायचा.

टाच आधी कोमट करतात. सुई टाचेच्या कडेला. पहिला थेंब पुसून टाकायचा. मग जाड कागदावरचे हे गोल. थेंब आपोआप पडू द्यायचा, टाच कागदाला टेकवायची नाही. गोल भरला की पुढचा. बाळ रडतंय, परिचारिकेचा हात हलत नाही. कार्ड आडवं ठेवून सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. नीट वाळलं की ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पिशवीत बंद करून प्रयोगशाळेकडे. बर्फ लागत नाही, खास गाडी लागत नाही. खेड्यापाड्यांतल्या बाळांची तपासणी या साध्या कागदामुळे शक्य झाली.

(घर. आजी बाळाला न्हाऊ घालते आहे.)

न्हाऊ घातलं की बाळाला गुटी द्यायची, ही आजीची सवय. समुपदेशक ताईंनी दोनदा घरी येऊन समजावलं: सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सोबत वरचं काही दिलं तर धोका वाढतो. आजीने सहाण माळ्यावर टाकली, पण तोंड वाकडं करूनच. मुके घ्यायचं काही थांबलेलं नाही. त्याने काही होत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

अहवाल आला तेव्हा कॅमेरा तिथे नव्हता. निगेटिव्ह.

(हिरवी पुस्तिका; पुढच्या तारखेवर तिचं बोट.)

पुढची तपासणी सहाव्या महिन्यात, मग वर्षाला, मग दीड वर्षाला. तोवर बाळ पाच किलोंच्या वर गेलेलं असेल. मग सुई टाचेला नाही, पायाच्या अंगठ्याला.