बासचा सोलो म्हणजे मध्यंतर नव्हे!

नमस्कार मंडळी! जर्सी सिटीच्या व्हिडिओखाली "ताई, व्हिलेज व्हॅनगार्डला कसं जायचं?" हे इतक्यांनी विचारलंय, की आज बसलेच कॅमेऱ्यासमोर.

पटापट सांगते. हा न्यूयॉर्कचा जॅझ क्लब. मॅनहॅटनमध्ये ग्रीनिच व्हिलेज, सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथ. पाथ ट्रेनने क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरा, तिथून चालत जा. तळघर आहे, जिना उतरायचा. १९३५ पासून तीच जागा, जेमतेम १२३ माणसं मावतात. तिकीट एका सेटचं, म्हणजे मैफलीच्या एका सत्राचं, अख्ख्या रात्रीचं नाही. जेवण मिळत नाही, घरून खाऊन निघा. झालं!

आता मुद्दा. बासचा, म्हणजे त्या माणसाएवढ्या उंच तंतुवाद्याचा, सोलो सुरू झाला, म्हणजे तो एकटा पुढे येऊन वाजू लागला, की बोलायचं नाही. ट्रंपेट थांबतो, पियानो थांबतो, ड्रमवर नुसता ब्रश फिरतो, आणि लोकांना वाटतं मध्यंतर झालं! लगेच पार्किंगच्या गप्पा. अहो, तबल्याची साथ हलकी झाली म्हणून आपण मैफलीत डबा उघडतो का?

मीही शहाणी नाही हं. डोंबिवलीची मावशी आली होती, तिला घेऊन गेले. बासवाल्यानं तार छेडली आणि मी तिच्या कानात, "मावशी, हे उभं व्हायोलिन दिसतंय ना..." मावशीनं माझ्या मांडीवर चापटी मारली. "गप्प बस गं, तो बोलतोय ना!" सोलो संपल्यावर "क्या बात है!" म्हणाली, चांगलं मोठ्यांदा. ते चालतं. दाद सोलो संपल्यावर, टाळ्याही तेव्हाच.

एका दादांची कमेंट आहे: "बिल एव्हन्सच्या १९६१ च्या रेकॉर्डिंगमध्ये ग्लासांची किणकिण, कुजबुज सगळं ऐकू येतं. मग आम्हीच का गप्प?" दादा, ऐकू येतं, मान्य. पियानोवाल्या बिल एव्हन्सचं ते रेकॉर्डिंग याच क्लबमधलं: २५ जून, रविवार, दिवसभरात पाच सेट. पण त्यात बास कोण वाजवतोय? स्कॉट लफारो, पंचविशीतला पोरगा. अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. आता हेडफोन लावून त्याचा सोलो ऐका आणि मागे खिदळणाऱ्यांना काय म्हणावंसं वाटतं ते मला कमेंटमध्ये लिहा. मी तर दर वेळी आवाज वाढवते, आणि त्यांचाही वाढतो.

फोन खिशातच ठेवायचा, आत शूटिंग चालत नाही. म्हणून आतले फोटो माझ्याकडेही नाहीत, मागू नका! सोमवारी मात्र मोठा ऑर्केस्ट्रा असतो, १९६६ पासूनचा. पुढच्या टेबलावर बसलात तर ट्रोम्बोन जवळजवळ तुमच्या ग्लासात येतो. ग्लास जरा बाजूला सरकवा. पण हळू, बास चालू असेल तर.