बेकर स्ट्रीटचा भाडेकरू : जेरेमी ब्रेट

(दृश्य : कॉर्नवॉलचा समुद्रकिनारा. फक्त लाटांचा आवाज. निवेदन थोडं थांबून सुरू.)

काळ्या कपड्यांतला एक उंच माणूस वाळूत बसलाय. हाताने वाळू उकरतो, इंजेक्शनची सिरिंज खड्ड्यात ठेवतो आणि वरून वाळू लोटतो. तोंडातून शब्द नाही.

हा शेरलॉक होम्स आहे आणि तो आपलं कोकेनचं व्यसन पुरतो आहे. होम्सवरच्या टेलिव्हिजन मालिकेचा हा भाग ब्रिटनमध्ये 1988 साली दाखवला गेला. आर्थर कॉनन डॉयल यांच्या मूळ कथेत हा प्रसंग शोधून सापडणार नाही. तो आला होम्सचं काम करणाऱ्या नटामुळे. आपली मालिका लहान मुलंही बघतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. ती मुलं ज्याला डोक्यावर घेतात, त्याच्या हातात सुई असावी हे त्याला बघवेना. त्याने डॉयल यांच्या कन्या डेम जीन यांना विचारलं, त्यांचा होकार घेतला आणि मगच ती सिरिंज वाळूत गेली.

विचारलं, हे इथे महत्त्वाचं. कारण एरवी हाच नट डॉयल यांच्या एकेका वाक्यासाठी सेटवर भांडायचा.

त्याचं नाव जेरेमी ब्रेट.

(दृश्य : वॉरिकशायरची हिरवी कुरणं, जुनी छायाचित्रं.)

आणि ब्रेट हे त्याचं खरं आडनावही नाही. 3 नोव्हेंबर 1933 रोजी वॉरिकशायरमधल्या बर्क्सवेल इथे जन्मलेल्या या मुलाचं नाव होतं पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. चार भावांत शेंडेफळ. वडील लष्करी अधिकारी. मुलगा नाटकात जाणार म्हटल्यावर वडिलांनी बजावलं, घराण्याचं आडनाव तिथे लावायचं नाही. मुलाने आपल्या पहिल्या सुटावरचं लेबल पाहिलं. त्यावर शिवणाऱ्यांचं नाव होतं, 'ब्रेट अँड कंपनी'. तेच त्याने उचललं आणि मरेपर्यंत वागवलं.

शाळा ईटन, म्हणजे इंग्लंडमधली नावाजलेली. पण अक्षरं त्याच्यापुढे नाचायची. डिस्लेक्सियामुळे अभ्यासात तो कायम मागे. सोळाव्या वर्षी संधिवाताचा ताप आला आणि हृदयाच्या झडपांना इजा करून गेला. ही इजा लक्षात असू द्या.

आणि त्याला 'र' म्हणता येत नव्हता.

जो पुढे आपल्या आवाजावर इंग्लंडला खिळवून ठेवणार होता, त्याची जीभ एका अक्षरावर अडायची. किशोरवयात शस्त्रक्रिया झाली. पण शस्त्रक्रियेने जीभ मोकळी होते, उच्चार येत नाही. तो घासूनच आणावा लागतो. ब्रेट वर्षानुवर्षं उच्चारांचे व्यायाम करत राहिला. हाताला काम असो वा नसो, रोज. गवयाने पहाटे खर्ज लावावा तसं. त्याच्या तोंडून होम्सच्या कथांतली 'आयरीन ॲडलर' किंवा 'मॉरियार्टी' ही नावं ऐका. त्या 'र'वर तो किंचित रेंगाळतो. मला तरी ते ऐकताना दरवेळी तो ईटनमधला पोरगा आठवतो.

(दृश्य : नाटकांची भित्तिपत्रकं, एकापाठोपाठ एक, वेगाने.)

लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये त्याने नाट्यशिक्षण घेतलं. 1954 मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पहिलं पाऊल. मग लंडनचं ओल्ड विक नाट्यगृह, शेक्सपिअर, 1956 च्या 'वॉर अँड पीस' चित्रपटात निकोलाय रोस्तोव्ह. 1964 च्या 'माय फेअर लेडी'त तो फ्रेडी झाला, नायिकेच्या घरासमोर रस्त्यात उभा राहून गाणारा भाबडा प्रेमवीर. गाण्याला आवाज मात्र बिल शर्ली यांचा. ब्रेट स्वतः चांगला गात असे, शाळेच्या गायकवृंदात गायलेला होता, म्हणून हे खटकतं.

देखणा होता, राजबिंडा म्हणावा असा, आणि त्या देखणेपणाने त्याला बरीच वर्षं त्याच त्या भूमिकांत अडकवून ठेवलं. 1980 मध्ये लॉस एंजेलिसला एका नाटकात त्याने चक्क होम्सचा मित्र डॉ. वॉटसन केला, होम्स होता चार्लटन हेस्टन. पन्नाशी जवळ आली होती. आता नवं काही हाती लागेल असं वाटू नये, असं ते वय.

1982 मध्ये मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने त्याला होम्ससाठी विचारलं.

(दृश्य : मँचेस्टरमध्ये उभारलेला बेकर स्ट्रीट, कथांमध्ये होम्स राहतो तो लंडनचा रस्ता. दगडी रस्ता, घोडागाड्या, वर्तमानपत्र विकणारी पोरं.)

निर्माते मायकेल कॉक्स यांचा हेतू साधा आणि अवघड होता: डॉयल यांनी लिहिलं तेच दाखवायचं. त्यांच्याकडे सत्त्याहत्तर पानांची एक फाइल तयार झाली, 'बेकर स्ट्रीट फाइल'. होम्स काय खातो, कोणता पाइप कधी ओढतो, कसा बसतो, वॉटसन कुठे चिडतो, सगळं कथांमधून वेचून काढलेलं. ब्रेटने ही फाइल आणि कथा अक्षरशः उशाशी घेतल्या. पटकथा मूळ कथेपासून लांब गेली की तो पुस्तक उघडून उभा राहायचा. स्ट्रँड मासिकात डॉयल यांच्या कथांना सिडनी पॅजेट यांनी चित्रं काढली होती. मालिकेतल्या कितीतरी चौकटी थेट त्या चित्रांवरून उभ्या केल्या आहेत. चित्रातला हात जिथे, तिथेच ब्रेटचा हात.

होम्सला भावना कमी. मग हा माणूस आतून आहे तरी कसा? ते समजून घेण्यासाठी ब्रेटने त्याचं बालपण स्वतःच रचलं: एकटं मूल, सांभाळणारी दाई, आईचा सहवास जवळजवळ नाहीच. यातलं एक अक्षरही पडद्यावर येणार नव्हतं. पण त्या मुलाला ओळखल्याशिवाय ब्रेटला होम्सच्या खोलीत पाऊल टाकता येत नव्हतं.

24 एप्रिल 1984 रोजी पहिला भाग लागला.

(दृश्य : होम्सचे हात. फक्त हात.)

हे हात बघा. झटकन वर जाणारी बोटं, हवेतच तुटणारा इशारा, 'बस, कळलं' म्हणणारा. आणि ते हसू! क्षणभर ओठांवर येतं आणि कुणी पाहिलं का म्हणून घाबरल्यासारखं पळतं. 'नेव्हल ट्रीटी'च्या भागात एका माणसाची अब्रू टांगणीला लागलेली असताना होम्स खिडकीशी जातो, गुलाबाचं फूल बघतो आणि फुलं ही ईश्वराच्या चांगुलपणाची खूण आहे असं काहीसं बोलू लागतो. अशील थक्क. ही जागा वाचताना विचित्र वाटते. ब्रेट ती अशी म्हणतो की यंत्रासारख्या त्या डोक्यात एक खिडकी उघडल्याचा भास होतो.

वॉटसनशिवाय हे पुरं होत नाही. पहिल्या तेरा भागांत डेव्हिड बर्क होते. कुटुंबाजवळ राहता यावं म्हणून ते बाजूला झाले आणि एडवर्ड हार्डविक आले. दोघांनीही वॉटसनला बावळट केलं नाही. होम्सला सोसणारा, प्रसंगी सुनावणारा, शहाणा मित्र त्यांनी उभा केला. सुरुवातीला सांगितलेल्या त्या सिरिंजच्या भागातच विषारी धुराने होम्सचं भान सुटतं. वॉटसन त्याला ओढून उघड्यावर आणतो आणि शुद्धीवर येताना होम्सच्या तोंडून हाक निघते, "जॉन!" वॉटसनला पहिल्या नावाने हाक मारणं या होम्सच्या शिस्तीत बसत नाही. म्हणूनच तो एक शब्द काळजाला भिडतो.

(दृश्य : स्वित्झर्लंड, रायशेनबाखचा धबधबा. आवाज हळूहळू मंद.)

1985 च्या जुलैमध्ये ब्रेटची पत्नी, अमेरिकेतली टेलिव्हिजन निर्माती जोन विल्सन, कर्करोगाने गेली. त्याच सप्टेंबरात होम्स धबधब्यात पडतो तो भाग दाखवला गेला. ब्रेट कामावर परतला, पण मन थाऱ्यावर नव्हतं. 1986 मध्ये तो कोसळला, रुग्णालयात दाखल झाला. निदान झालं मॅनिक डिप्रेशनचं, ज्याला आज आपण बायपोलर डिसऑर्डर म्हणतो.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. ब्रेटबद्दल नेहमी म्हटलं जातं की आजार होता म्हणून त्याचा होम्स इतका जिवंत, होम्सने त्याला झपाटलं होतं. मला हे पटत नाही. तो 'र', ती फाइल, ते रचलेलं बालपण, पुस्तक हातात धरून घातलेले वाद, हे झपाटल्याचं लक्षण नाही. अंगात येणं वेगळं आणि रोज सकाळी उठून अंगात आणणं वेगळं. ब्रेट दुसरं करत होता. आजाराने त्याला दिलं काही नाही, नेलं मात्र खूप.

कारण उपचाराला लिथियम हे औषध होतं, आणि शरीरात पाणी साठू लागलं. चेहरा सुजला, चाल जड झाली. पॅजेटच्या चित्रातला तो सडसडीत माणूस आरशात दिसेना. सोळाव्या वर्षी दुखावलेलं हृदय आणि त्यावर सिगारेटी, एकामागून एक. तरी तो मँचेस्टरला येत राहिला.

1994 च्या शेवटच्या सहा भागांत हे लपत नाही. एका भागात ब्रेट इतका आजारी होता की तपास होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट करतो. ते काम चार्ल्स ग्रे यांनी निभावलं. याच सहांतल्या एका भागात होम्स मरणाच्या दारात असल्याचं सोंग घेतो. तिथे ब्रेट आपलं खरं दुखणं वापरत नाही. तो होम्सचं खोटं दुखणं करतो, नेमकं जितकं खलनायकाला फसवायला हवं तितकंच.

याच काळात तो आपल्या आजाराविषयी उघडपणे बोलू लागला. मनाचा आजार झाकून ठेवायचे ते दिवस होते. एवढ्या मोठ्या नटाने ते सांगितल्यावर किती जणांना धीर आला असेल!

12 सप्टेंबर 1995 रोजी लंडनमधल्या क्लॅपम इथल्या राहत्या घरी, झोपेत, त्याचं हृदय थांबलं. वय 61.

(दृश्य : बेकर स्ट्रीटची खोली. खुर्ची, व्हायोलिन, फडताळातली पुस्तकं.)

डॉयल यांनी होम्सच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्या लिहिल्या. ब्रेटला त्या सगळ्या करायच्या होत्या. दहा वर्षांत 41 भाग झाले. राहून गेलेल्यांत 'अ स्टडी इन स्कार्लेट'ही आहे, जिच्यात एका प्रयोगशाळेत होम्स आणि वॉटसन एकमेकांना पहिल्यांदा भेटतात.