मापाची खुर्ची

(दृश्य: मिरज. व्हीलचेअरचं माप घ्यायचं प्रशिक्षण, सरावाची खोली. लाकडी बाक, जमिनीवर टेप.)

वॉर्डातले मामा आज पेशंट झालेत. बाकावर ताठ बसलेत. सिस्टरनी त्यांच्या दोन्ही कुल्ल्यांना पुठ्ठ्याचे दोन तुकडे उभे लावलेत.

"मामा, हलू नका हं."

"न्हाई हलत की ओ, घ्या तुम्ही."

दोन पुठ्ठ्यांमधलं अंतर ३६ सेंटिमीटर. व्हीलचेअरची बैठक एवढीच रुंद हवी.

मिरजेला माप नवं नाही. सतारमेकर गल्लीत सतारीची जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासणी, केसभर चुकली तरी कारागीर पुन्हा कानस हातात घेतो. आणि जिच्यावर माणसाला उभा दिवस काढायचाय, ती खुर्ची मात्र आपण न मोजता देत आलो.

माझ्या आत्याला अशीच एक मिळाली होती. मंडप, हार, फोटो. खुर्ची तिच्या अंगाला ऐसपैस. ती सारखी उजवीकडे कलायची, आम्ही उशी खुपसायचो. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. जखम झाली ती तिला अंघोळ घालताना आईला दिसली, तोवर आत हाडापर्यंत गेली होती. खुर्ची देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. तिथे माप घेणारं कुणी नव्हतं, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर कशी पुरवावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१२ मध्ये त्यावर प्राथमिक प्रशिक्षण तयार केलं. त्यात आठ टप्पे आहेत. नावनोंदणीपासून खुर्ची बसवून देण्यापर्यंत आणि पुढे देखभालीपर्यंत. आपल्याकडे 'वाटप' म्हणतात तो या आठातला जेमतेम एक तुकडा.

(दृश्य: मामांचा गुडघा, टेप.)

आता बैठकीची खोली, म्हणजे मागून पुढपर्यंतची लांबी. पाठीमागच्या टोकापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मोजायचं आणि त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करायचे. वजा केले नाहीत तर बैठकीची कड लवणीत रुतते आणि माणूस पुढे घसरत राहतो. मग पोटरीची लांबी, त्यावरून पायटा, म्हणजे पाय ठेवायची फळी. ती फार वर असली की मांड्या उचलल्या जातात आणि सगळा भार बसण्याच्या दोन हाडांवर येतो.

गादीवर बसल्यावर या दोन हाडांखाली किती दाब येतो याची परीक्षा हातानेच होते, आणि ती शिकवताना खोली एकदम गप्प होते. कारण हात दुसऱ्याच्या बुडाखाली घालायचाय.

"मामा, तुमच्या खाली हात घालणार आहे. चालेल ना?"

हे विचारल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. शिकवणाऱ्या बाई इथे कुणालाच सूट देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. मामा थोडे एका बाजूला झुकतात. सिस्टर बोटांची टोकं हाडाखाली सरकवतात, मामा पुन्हा सरळ बसतात. बोटं खालीवर हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर सावध. घट्ट दाबली गेली तर ती गादी त्या माणसाला द्यायचीच नाही.

सिस्टर बोटं ओढतात. निघत नाहीत. त्या मामांकडे बघतात, मामा त्यांच्याकडे.

"मला तर मऊ लागतंय की," मामा म्हणतात.

गादी बदलली. पुन्हा विचारलं, पुन्हा हात. या वेळी बोटं हलली.

दुपारी सगळे बाहेर, रॅम्पवर. उतार उतरताना मागून धरणाऱ्याने खुर्ची उलटी घ्यायची. माणसाची पाठ उताराकडे. रोज स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना हे लगेच जमतं. फिजिओथेरपीच्या मुलांना ते सांगतात, "दोन पायांत अंतर ठेव, कमरेनं धर."

(दृश्य: कुपवाड. दोन खोल्यांचं घर.)

शेवटच्या दिवशी घरभेट. विहिरीत पडून मणका दुखावलेला एक तरुण मुलगा खाटेवर बसलाय. त्याच्या आईने चहा टाकलाय. आशाताई त्याचं माप घेतात, पाठीवर आणि बुडाला लाल डाग आहे का बघतात. मग विचारतात, "दिवसभर जावं कुठं वाटतं?"

"दुकानात. मोबाईल रिपेअरिंग येतंय मला."

"आणि संडास कुठे?"

आई परसाकडे बोट दाखवते. आशाताई टेप घेऊन उठतात, पत्र्याच्या दाराला लावतात आणि फॉर्मवर लिहितात: दार २४ इंच, उंबरा ४ इंच.