तारेचा रोध मोजा, मग पैसे मोजा

मंडळी, घरच्या म्युझिक सिस्टिमच्या तारांबद्दल बोलताना स्पीकरच्या तारेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त पैसे तिथेच वाया जातात. ॲम्प्लिफायरमधून निघालेला प्रवाह या तारेतून स्पीकरपर्यंत जातो आणि दुसऱ्या तारेतून परत येतो. वाटेत त्याला अडवतो तो तारेचा रोध. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम तारेचा रोध दर मीटरला साधारण १७ मिलिओहम असतो. आता तयार सेटबरोबर येते तशी बारीक, अर्ध्या स्क्वेअर एमएमची तार घ्या आणि स्पीकर ५ मीटरवर ठेवा. जाऊन-येऊन १० मीटर झाले, म्हणजे रोध सुमारे ०.३४ ओहम.

एवढ्याशा रोधाने काय बिघडतं? स्पीकरवर ६ ओहम लिहिलेलं असलं तरी तो प्रत्येक सुराला ६ ओहम नसतो. कुठे ४ पर्यंत उतरतो, खर्जाजवळ ३० पर्यंतही चढतो. तार बारीक असेल तर जिथे स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे सुरागणिक बदलणारा हा रोध, कमी, तिथला आवाज जास्त दबतो आणि जिथे जास्त, तिथला फारसा दबत नाही. आपल्या उदाहरणात हा फरक सुमारे ०.६ डेसिबल पडतो. म्हणजे नुसता आवाज कमी होत नाही, त्याचा तोल बदलतो. २.५ स्क्वेअर एमएमची तार लावली की हाच फरक ०.१३ डेसिबलवर येतो. त्यापुढे कितीही महाग तार घेतली तरी कमी करायला फारसं काही उरत नाही.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. ५ मीटरपर्यंत १.५, त्याहून लांब किंवा ४ ओहमचे स्पीकर असतील तर २.५ स्क्वेअर एमएम. घराच्या वायरिंगची, आयएस ६९४ हे भारतीय मानक छापलेली मल्टिस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची, तांब्याची वायर उत्तम चालते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन कोअरची फ्लेक्सिबल मागा. फक्त घरात कुणी ती चुकून विजेच्या बोर्डाला जोडणार नाही, अशा वेगळ्या रंगाची घ्या.

तांबं खरं आहे का, हे मात्र पाहूनच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास विकली जाते. त्याच जाडीला तिचा रोध दीडपटीहून जास्त भरतो. एक बारीक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर परत करा. उलट वरून पांढरं आणि आत लाल असेल, तर ते कथिल चढवलेलं तांबं, ते चांगलं.

दोन्ही स्पीकरच्या तारा सारख्याच लांबीच्या हव्यात का, असं मघाशी विचारलं गेलं. नाही. ३ मीटरच्या फरकाने सिग्नलला फार तर काही नॅनोसेकंद उशीर होतो. तार पुरेशी जाड असेल तर जवळच्या स्पीकरमागे तिचं वेटोळं करून ठेवायची काही गरज नाही.

प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलचं गणित वेगळं. इथे प्रवाह नगण्य, त्यामुळे रोधाची चिंता नाही. पाहायचा तो कपॅसिटन्स, म्हणजे केबलची विद्युतभार साठवण्याची क्षमता; ती फार झाली तर उंच सूर दबतात. सीडी प्लेअरचा आउटपुट १ किलोओहम आणि केबल २०० पिकोफॅरडची धरली, तर आवाज दबायला लागतो तो ८ लाख हर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान २० हजारांवर थांबतो. इथे साधी, नीट सोल्डर केलेली केबल पुरते.

पण आपल्यापैकी ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यांनी इथे जरा लक्ष द्यावं, कारण केबलने खरोखर आवाज बदलतो अशी ही जागा आहे. सुईचं कंपन विजेत बदलणारा भाग म्हणजे कार्ट्रिज. त्याच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात बारीक तारेची गुंडाळी असते, साधारण ५०० मिलिहेन्रीची. केबल आणि ॲम्पचं रेकॉर्ड प्लेअरसाठीचं फोनो इनपुट मिळून २५० पिकोफॅरड झाले तर गुंडाळी आणि कपॅसिटन्स या जोडीचा अनुनाद (रेझोनन्स) १४ हजार हर्ट्झजवळ येतो. ४०० झाले तर तो ११ हजारांवर उतरतो: तिथे आवाजाला टोचरा उठाव येतो आणि त्याच्या वर सगळं झपाट्याने ओसरतं. म्हणून इथे केबल आखूड ठेवा, मीटरला ६०-७० पिकोफॅरडवाली घ्या. स्टुडिओतली चार कोअरची माइक केबल नावाजलेली असली तरी तिचा कपॅसिटन्स दुपटीच्या घरात जातो, त्यामुळे या कामासाठी ती नको.

घरी बनवणार असाल तर डिश अँटेनाची केबल वापरू नका. मधल्या तारेभोवतीची तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर नेहमीचं सोल्डर धरत नाही. तांब्याची जाळी असलेली केबल, चांगले धातूचे प्लग, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न एवढं घ्या. आधी प्लगचा पत्रा तापवा, मग सोल्डर लावा. फार वेळ टेकवलीत तर आतलं पॉलिथिन वितळून मधली तार जाळीला टेकते.

शेवटचा प्रश्न होता, दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतील तर लाल म्हणजे धन कुठली, काळी म्हणजे ऋण कुठली? हे विचारायलाच हवं, कारण एका स्पीकरची जोडणी उलटी झाली की खर्ज नाहीसा होतो. तारा ॲम्पपासून सोडवा, स्पीकरच्या बाजूने तशाच राहू द्या. ॲम्पकडच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा आणि वूफरच्या कागदाकडे पाहा. तो पुढे आला तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार लाल. आत गेला तर दुसरी. लाल ठरलेल्या तारेला लगेच चिकटपट्टी लावून टाका.