दर कोणत्या दिवसाचा?

(दृश्य : लासलगाव बाजार समितीचं आवार, कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा)

लासलगावात कांद्याचा लिलाव सुरू आहे. इथे निघणाऱ्या भावाकडे देशभरातल्या व्यापाऱ्यांचं लक्ष असतं. लिलाव उरकला की तो भाव राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर चढतो : आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. आणि तिथून तो नाशिकच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या शोधनिबंधात जातो.

समजा, तिने आकडा घेतला आणि तळटीपेत नुसती लिंक चिकटवली. दोन महिन्यांनी परीक्षकांनी ती उघडली, तर समोर ताजे दर. निबंधातला आकडा कुठेच दिसत नाही. मुलीने खोटं काहीच लिहिलेलं नाही, तरी तिचा शब्द उघडा पडला.

संदर्भ द्यायचा तो एवढ्यासाठी, की आपण जे पाहिलं तेच वाचणाऱ्यालाही पाहता यावं. रोज बदलणाऱ्या पानाला म्हणूनच दोन तारखा लागतात : दर कोणत्या दिवसाचा आणि आपण तो पाहिला कधी. संदर्भ लिहिण्याच्या ‘एपीए’ या प्रचलित पद्धतीत तर अशा बदलत्या पानांसाठी पाहिल्याची तारीख देण्याचा नियमच आहे.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर दरांचा तक्ता)

हा तक्ता जरा जवळून पाहा. ‘लासलगाव’ वेगळं, ‘लासलगाव - निफाड’ वेगळं, ‘लासलगाव - विंचूर’ आणखी वेगळं. त्यात लाल कांदा निराळा, उन्हाळ निराळा. ‘लासलगावचा कांद्याचा दर’ एवढंच लिहिलं, तर यातली कोणती ओळ धरायची? संस्थेचं नाव, बाजार समिती, कांद्याची प्रत (लाल की उन्हाळ), परिमाण, तारीख हे सगळं आलं, तर लिंक उद्या बंद पडली तरी आकडा शोधून काढता येतो.

लिंका बंद पडतातच. अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. यावर एक चांगला उपाय आहे. वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून पान जतन करा. मिळणाऱ्या नव्या दुव्यात चौदा अंक असतात : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पर्याय निवडल्यावरच उघडणारे तक्ते तिथे बहुधा साठत नाहीत. त्यांची पीडीएफ काढून परिशिष्टात जोडावी.

(दृश्य : जुन्या ग्रंथाची स्कॅन केलेली पानं)

जुन्या ग्रंथांची अडचण वेगळीच. नाशिकवर लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी गॅझेटियरपाशी, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथापाशी येतो. पण कोणत्या? मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड १८८३ चा, महाराष्ट्र शासनाची सुधारित आवृत्ती १९७५ ची. एक ब्रिटिश अमदानीतला, दुसरी स्वतंत्र भारतातली. ‘नाशिक गॅझेटियर, ऑनलाइन’ असं लिहिणाऱ्याने वाचकाला ब्याण्णव वर्षांच्या दरीत सोडलेलं असतं. छापील ग्रंथ हातात असला की साल आतल्या पानावर समोरच दिसतं. पडद्यावर शोधातून थेट मधल्या पानावर उतरलेला माणूस ते पान पाहतच नाही. पृष्ठक्रमांकही ग्रंथावर छापलेला द्यावा. पीडीएफचा क्रमांक मुखपृष्ठापासून मोजलेला असतो, तो जुळत नाही.

आता अवतरणाबद्दल. वाङ्मयचौर्य तपासणीत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्याचा ‘टक्का वाढेल’ या धास्तीने मुलं चांगली मूळ वाक्यं मोडून-तोडून लिहितात, आणि अर्थच हरवतो. फार वाईट वाटतं हे पाहून, कारण ही भीती अनाठायी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार, योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची साम्य मोजताना वगळायची असते. तेव्हा वाक्य जसंच्या तसं घ्या, अवतरणचिन्हात ठेवा, कुणाचं ते सांगा. वेबपानाला पृष्ठक्रमांक नसतो. तिथे वरून परिच्छेद मोजा आणि ‘परिच्छेद ४’ असं लिहा. पान लांबलचक असेल, तर जवळच्या उपशीर्षकाचं नावही द्या.