वरळीहून आलेली संध्याकाळ

हा मनोरा बघा. वरळीचा, ३०० मीटर उंच. आता आजूबाजूला एवढे टॉवर झालेत की पटकन नजरेत भरत नाही, पण एक काळ होता जेव्हा मुंबईतल्या गच्च्यांवरचे सगळे अँटेना ह्याच्याकडे तोंड करून उभे असायचे. २ ऑक्टोबर १९७२ ला इथून मुंबई दूरदर्शन सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. मग सिंहगडावर ट्रान्समीटर बसला आणि पुण्यालाही हेच चित्र दिसायला लागलं. चॅनल एकच, चित्र ब्लॅक अँड व्हाईट, आणि रोज संध्याकाळचे थोडेसेच तास.

आता चाळीतल्या एका खोलीत शिरू. सत्तरच्या दशकाचा शेवट आहे. अख्ख्या मजल्यावर टीव्ही एकाच घरात, लाकडी कपाटातला, सरकत्या शटरचा. पोरं हातपाय धुवून पुढे बसलीयत, बायका मागे शेंगा निवडत, पुरुष दाराशी उभे, आणि ज्यांचा टीव्ही आहे त्या घरच्यांनाच टेकायला भिंत उरलेली नाही. शटर सरकवलं, सेट तापायला मिनिटभर गेलं, मग ती धून, पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन यांनी केलेली, आणि पडद्यावर फिरत फिरत जुळून येणारं ते बोधचिन्ह. पोरं तेही टक लावून बघायची.

लहान मुलांचं 'किलबिल' असेल त्या दिवशी पुढच्या रांगेची चंगळ. पण बऱ्याचदा पहिल्यांदा लागायचं ते 'आमची माती आमची माणसं'. शेतीचा कार्यक्रम! लालबाग-परळच्या खोलीत, जिथे तुळशीच्या कुंडीपलीकडे माती नाही, तिथे खताचा हप्ता कधी द्यायचा, पिकावर कीड पडली तर फवारणी कशी करायची हे सगळं चाललेलं असायचं, आणि लोक ऐकायचे. का ऐकायचे, तर दाराशी उभे असलेल्यांतले निम्मे गिरणीत पहिली पाळी करून आलेले, आणि गाव कुणाचं सातारा, कुणाचं रत्नागिरी, भाऊ तिथे शेत करतोय, पावसाचं काय झालं ह्याची काळजी इथे. पडद्यावर भाताचं खाचर दिसलं की कुणीतरी हळूच म्हणायचं, आमच्याकडे आत्ता लावणी चालू असेल. एवढंच. मग परत सगळे गप्प. मला वाटतं ह्या चॅनलनं केलेलं सगळ्यात मोठं काम कुठलं असेल तर ते हे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

साडेसातला बातम्या. समोर टेलिप्रॉम्प्टर नाही, हातात कागद, मान खाली घालून वाचायचं आणि मधेच वर बघायचं, आणि तरी उच्चार कसे स्वच्छ. भक्ती बर्वे बातम्या वाचायच्या, स्मिता पाटील वाचायच्या, अनंत भावे, आणि प्रदीप भिडे, ज्यांचा आवाज पुढे कित्येक दशकं घराघरात राहिला. निवेदिकेनं नमस्कार म्हटलं की मागच्या रांगेतली आजी पदर सारखा करून परत नमस्कार करायची, अगदी मनापासून, घरी पाहुणं आलंय म्हणून.

त्यानंतर काय लागेल ते वारावर. कधी आकाशानंदांचा 'ज्ञानदीप', जो बघून महाराष्ट्रात गावोगावी लोकांनी आपापली ज्ञानदीप मंडळं काढली, म्हणजे टीव्ही बघायचा आणि उठून काहीतरी कामाला लागायचं. कधी 'प्रतिभा आणि प्रतिमा', एखादा लेखक नाहीतर चित्रकार शांतपणे बोलतोय, घाई नाही, मधे कुणी तोडत नाही. कधी 'शब्दांच्या पलीकडले' मधली गाणी. छोट्या विनोदी प्रहसनांचा 'गजरा' लागला की मात्र दाराशी उभे असलेले पण आत सरकायचे. आणि 'चिमणराव'! दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, त्या अर्ध्या तासात गॅलरीत चिटपाखरू नसायचं. गुरुवारी हिंदी सिनेमातल्या गाण्यांचं छायागीत, शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी, तोही मधेच थांबवून बातम्या, आणि नायक संकटात तसाच लटकलेला.

चित्र गेलं की पाटी यायची, 'व्यत्यय'. कुणी उठायचं नाही. एकजण गच्चीवर अँटेना फिरवायला, एकजण जिन्यात, एकजण टीव्हीपाशी, आणि तीन मजल्यांतून आरोळ्या, आलं का, थोडं डावीकडे, गेलं गेलं, परत आण.

मजा काय होती तर निवडायचं काही नव्हतं. छायागीतासाठी जागा धरून बसलेल्या पोरीला आधी खतं ऐकायला लागायची, गिरणीतल्या काकांना कवीची मुलाखत, आणि आजीला सतारवादन. त्यातलं कुणाला काय चिकटेल सांगता यायचं नाही, पण काहीतरी चिकटायचंच.

१५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगही आले. रात्रीचा मोठा भाग दिल्लीकडे गेला. रंग बघून आम्ही हरखलो ते खरं, पण मुंबईची स्वतःची संध्याकाळ तेव्हापासून आखूड झाली तीही झालीच.

आणि त्या जुन्या संध्याकाळी आज बघायला मिळतील का? फार थोड्या. बरंचसं थेट स्टुडिओतून जायचं, आणि जे टेप व्हायचं त्या टेपा महाग, म्हणून पुसून त्याच्यावरच पुढचा कार्यक्रम घेतला जायचा. किती गाणी, किती बोलणं असं पुसलं गेलं. ह्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं.

आपल्या खोलीत आता शेवटचा कार्यक्रम संपलाय. बटण बंद केलं, चित्र आकसत आकसत मधे पांढरा ठिपका झालं, धाकटी पोरं तो ठिपका विझेपर्यंत हलली नाहीत. शटर सरकलं. दाराबाहेर चपलांचा ढीग, गॅलरीतला दिवा मिणमिणता, आणि अंधारात पायानं चाचपडत प्रत्येकजण आपापली जोडी शोधतोय, झोपलेलं पोर खांद्यावर टाकून.