बर्फ थांबल्यावरचा पहिला दिवस

नमस्कार, श्रोतेहो. नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या, की नागपूरची कितीतरी पोरं रात्रीच्या गाडीनं दिल्लीला आणि तिथून केदारकंठा, मनालीकडे निघतात. बॅगेत थर्मल असतात, आईनं दिलेला चिवडा असतो. हिमस्खलनाचा विचार मात्र घरात कुणी काढत नाही. आपल्या विदर्भाला गारपीट माहीत; उतारावर साचलेल्या बर्फाची ओळख आपल्याला कशी असणार?

हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खाली जमीन त्यामानानं उबदार, वर हवा कडाक्याची गार. या फरकानं तळाचा बर्फ दाणेदार आणि सुटा होतो. मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही, बोटांतून गळून जातो. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो घट्ट बसवतो. तिरप्या फळीवर ज्वारी पसरून वर पाट ठेवावा, तशी ही अवस्था. एका माणसाच्या भारानं खालचा थर बसतो आणि वरचा अख्खा थर सुटतो. माणसं ज्यात सापडतात, ती बहुतेक हिमस्खलनं त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पावलानं सुटलेली असतात.

अनुभवी माणसांनाही हे चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला 'द्रौपदी का डांडा-२' शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या.

धोक्याचा उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा. मोबाइलवर कोन मोजता येतो, तो मोजा. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, बर्फात भेग धावली, तर तिथूनच मागे फिरा. आणि बर्फ थांबून लख्ख ऊन पडलं, की फोटोसाठी सगळे वर धावतात. माझ्या मते तोच दिवस सर्वांत फसवा, कारण नवा भार अजून बसलेला नसतो.

गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलं तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्यानं घसरते. खालून मदत यायला तास लागतात. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा : बर्फाळ उतारावर प्रत्येकाजवळ गाडलेल्याचा ठाव रेडिओ संकेतानं देणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं असेल का? चंदीगडच्या 'डीजीआरई' या सरकारी संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज कोण पाहतं? इशारा आला तर ट्रेक थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे? उत्तरं गुळमुळीत मिळाली, तर दुसरा आयोजक बघा.